डावीकडची विंडो

३ फेब्रुवारी, सोमवार

लागले एकदाची कामाला! कारखाना बंद पडल्यापासून घरात बसून अंगाला गंज चढला होता. नवरा बसडेपोत दिवसभर इंजिनं उघडतो आणि घरी आला की मी त्याच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढत बसायचे. आज मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, आता माझी मापं काढणं बंद कर बाई, लोकांची काढ, पगार तरी मिळेल.

मापं काढायचं काम मास्तरांचं आहे. इथे गिऱ्हाइकाच्या अंगाच्या मापाने कोट शिवून देतात. कुलूपवाल्याच्या दुकानामागे एक लांबट हॉल आहे. मास्तर मापं घेतात, मी ती कॉम्प्युटरवर घालून कोटाचे सुटे भाग बेतते, पाठ, पुढा, बाही, कॉलर. मग कोपऱ्यातला आडदांड प्रिंटर चादरीएवढा कागद ओकतो, मास्तर तो कापडावर अंथरून कात्री चालवतात आणि शेवटी काजं करायला मावशी आहेत. मालकीणबाई सगळीकडे फिरत असतात, चष्मा कपाळावर, गळ्यात टेप.

मला हॉलमधली सगळ्यात चांगली जागा मिळाली आहे. खिडकीपाशी, भरपूर उजेड. बाईंनी स्वतः फडक्याने टेबल पुसून दिलं. टेबलाच्या डाव्या अंगाला एक चौकोन जरा कमी उडालेल्या रंगाचा होता, तिथे बाईंनी झाडाची छोटी कुंडी ठेवली. शोभेला, म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत मंडळी आतल्या खोलीत जातात. माझा डबा चार घासांत संपतो. उरलेल्या वेळात याच मशीनवर रोजनिशी लिहायची असं ठरवलं आहे. शाळेपासूनची सवय, सुटली होती. दोन बोटांनीच टाइप करते, नवरा हसतो त्याला, पण आज हात छान चालतोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मशीनमध्ये एक खोड आहे.

मला सारख्या दोन विंडो लागतात. एकीत मापांचा तक्ता, दुसरीत बेताचं चित्र. पडद्याच्या तळाच्या पट्टीवर, टास्कबारवर, दोघींची बटणं असतात. जिचं दाबावं ती पुढे यावी, इतकी साधी गोष्ट. इथे तक्त्याचं बटण दाबलं की तक्ता येतच नाही. बटण नुसतं नारिंगी होऊन लुकलुकतं. पुन्हा दाबलं तरी तेच. कीबोर्डवरच्या कळा वापरून विंडो बदलली तर मात्र मुकाट्याने येते. म्हणजे पाहुण्याने बेल वाजवली तर दार उघडायचं नाही आणि मागच्या दाराने आला तर या बसा!

मशीन बंद करून चालू केलं. अर्धा तास बरं वागलं, मग पुन्हा तेच. असो. असल्या मशिनींशी माझी जन्माची ओळख आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इथे माझ्या आधी एक मुलगी होती. तिला सगळे धाकटी म्हणतात. कुणाची कोण नव्हती, पण वयाने सगळ्यांत लहान, म्हणून बाईंनी ते नाव पाडलं. गेली, एवढंच मास्तर म्हणाले. चांगली नोकरी मिळाली असेल कुठेतरी.

धाकटीचा हात असा होता. धाकटी मुंड्याची, बाही जोडतात तिथली, गोलाई अशी काढायची की बाही अंगाला लागली हे कळायचंसुद्धा नाही. धाकटीला मापं दोनदा सांगावी लागायची नाहीत. सकाळपासून मास्तरांच्या तोंडी तिचाच जप. मी काढलेला मुंडा त्यांनी उजेडात धरला, मान हलवली आणि म्हणाले, चालेल.

चालेल! कारखान्यात बेत काढायला वीस मुली माझ्याकडून शिकून गेल्या.

वाईट याचं वाटतं की बाईसुद्धा माझ्या मागे उभ्या राहतात तेव्हा हात माझ्या खांद्यावर ठेवायला उचलतात आणि मध्येच खाली घेतात. तिच्या खांद्यावर ठेवत असतील.

१० फेब्रुवारी, सोमवार

खोड वाढली. टास्कबार चालवणारा प्रोग्राम बंद करून नव्याने चालू केला, पडद्याचा ड्रायव्हर नवा टाकला, एकाच प्रोग्रामच्या विंडोंचं एक बटण होऊ नये म्हणून सेटिंग बदललं. उपयोग शून्य. उलट नवीनच गंमत निघाली. बेताच्या बटणावर माऊस नुसता धरला की विंडोचं छोटं चित्र वर उमटतं. तिथे मला दोन चित्रं दिसतात. एक माझ्या बेताचं. दुसरं कुणाचं? त्यावर क्लिक केलं तर काही म्हणता काही पुढे येत नाही.

शेवटी बाईंनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने समजावलं ते असं. या मशीनला पूर्वी दोन पडदे जोडलेले होते. डावीकडचा काढून टाकला, पण मशीनच्या डोक्यातून तो गेलेला नाही. ती दुसरी विंडो त्या नसलेल्या पडद्यावर उघडी आहे. आणि एका विंडोत कुणी टाइप करत असेल तर मशीन दुसरीला मध्ये घुसू देत नाही, म्हणून माझं बटण नुसतं लुकलुकतं. मी म्हटलं, अहो पण टाइप करणारी मी एकटीच आहे. तो म्हणाला, ते तुम्हाला माहीत, मशीनला वाटतंय तिकडे काम चालू आहे.

तो हसला, मीही हसले. बाई कुंडीकडे बघत होत्या.

मग त्याने तीन कळा दाबून ती विंडो ओढून माझ्या पडद्यावर आणली. एका कोटाची पाठ होती. फक्त पाठ, बाकी कोरं.

देवा, काय रेघ होती ती! मानेपासून कमरेपर्यंत अशी उतरली होती जशी कुणी झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून बोट फिरवावं. ड्रॉइंग शिकल्याला मला पंचवीस वर्षं झाली. मला ती रेघ काढता येणार नाही. जन्मात नाही.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, टाकू बंद करून? मी म्हटलं, राहू द्या, मी बघते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाकड्या पाठीचे ते वकील आहेत ना, ज्यांचा कोट तीनदा परत आला, त्यांच्यासाठी मी ती रेघ घेतली. सरळ उचलली. मापांप्रमाणे थोडी सरकवली, बस.

आज वकिलांनी कोट घातला आणि आरशासमोरून हलेनात. मास्तरांनी टाचण्यांची डबी खाली ठेवली, एकही टाचणी लागली नाही. आणि बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, अगं, धाकटीच परत आली म्हणायची!

इतके दिवस ज्या हाताची वाट बघत होते तो खांद्यावर आला तर चटका बसल्यासारखं झालं. कौतुक माझ्या पदरात पडलं, पण त्यावर नाव तिचं.

कॉम्प्युटरवाल्याने डावा पडदा सेटिंगमधून काढून टाकलाय. तरी छोटं चित्र आज परत दिसलं. त्यातली ती पाठ पुसलेली होती. मी पुसली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज मावशींना गाठलं. काजं करताना त्यांना बोलायला आवडतं. विचारलं, ती धाकटी आता कुठे असते? त्यांची सुई थांबली. म्हणाल्या, अगं, गेली म्हणजे गेली. देवाघरी.

याच खुर्चीत.

हकिगत अशी. काम वाढलं होतं, म्हणून बाईंनी तिच्या जोडीला आणखी एक बाई ठेवायचं ठरवलं. धाकटीने आकांत केला. माझ्या टेबलावर दुसरी बसता कामा नये, म्हणाली. बाईंशी अबोला धरला. जेवेना. मास्तरांनी समजावलं, मावशींनी समजावलं. ज्या दिवशी बाईंनी सांगितलं की नवी बाई ठरली, त्याच दुपारी ती कामाला बसली ती उठलीच नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. एवढीशी पोर! माऊसवर हात तसाच होता, पडद्याकडे तोंड, म्हणून कुणाला कळलंही नाही. दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा मास्तर हाक मारायला गेले. ठरलेली बाई ते ऐकून आलीच नाही. मग मी आले.

डावा पडदा बाईंनीच काढला. त्याच्याकडे बघून बसली होती ना, मावशी म्हणाल्या.

नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, सोड ती नोकरी, आपल्याला काय उपाशी मरायची वेळ आलीय? मला भीती वाटली हे खरं. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. जिवंतपणी कुणाला शेजारी बसू दिलं नाहीस, मेल्यावर तरी जागा सोड की! मी का उठू? ही खुर्ची माझी आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रामबाण उपाय केला. मशीनमधलं जुनं खातंच उडवलं, तिच्या वेळचं, आणि माझ्या नावाचं कोरं करकरीत खातं उघडलं. तिची सेटिंगं, तिच्या फायली, सगळं साफ; ही रोजनिशी तेवढी आधी वाचवली. पुसताना मशीनने विचारलं, नक्की? मी मोठ्याने नक्की म्हटलं.

आता बटण दाबलं की विंडो हजर. तक्ता म्हटलं की तक्ता, बेत म्हटलं की बेत. डावीकडे काही नाही. जिंकले!

मास्तर म्हणाले, आज मॅडमचा चेहरा फुललाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परत.

तक्त्याचं बटण लुकलुकायला लागलं. माऊस धरला. दोन चित्रं. नव्या खात्यात, जिथे तिचा काही संबंध नाही, तिथे. त्या तीन कळा दाबून विंडो ओढायचा प्रयत्न केला, आली नाही. मग भिंगासारखं मोठं करून ते छोटं चित्रच वाचलं. हलत होतं. पाठ झाली होती, पुढा चालू होता. एक एक रेघ सावकाश, जशी सवयीचा माणूस काढतो.

बाजूला मापं होती. छाती, कंबर, बाही. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

कारखान्यात शिडीवरून पडले होते तेव्हाचा तो खांदा. मी सगळे कपडे पॅड लावून घालते, कुणाला दिसत नाही. मला आणि नवऱ्याला सोडून कुणाला माहीत नाही. इथे माझी मापं कुणी घेतलेली नाहीत.

ती माझा कोट बेतते आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आले तर मास्तरांनी कापडाला कात्री लावलेलीसुद्धा होती. काल संध्याकाळी प्रिंटरमधून कागद आला, त्यांना वाटलं मीच पाठवला, स्वतःसाठी. बाईंनी कपाटातलं गर्द हिरवं लोकरी कापड काढून दिलं. माझ्याकडून भेट, म्हणाल्या, इतकी सुंदर पाठ काढलीस वकिलांची.

मी सांगायला तोंड उघडलं. थांबवा, तो बेत माझा नाही.

तेवढ्यात मावशी कानात कुजबुजल्या. धाकटीने या कापडासाठी किती हट्ट केला होता, पण बाईंनी तिला कधी दिलं नाही. आधी लग्न ठरू दे, मग शिवू, म्हणायच्या. तिचा जीव होता या हिरव्या कोटात.

मी तोंड मिटलं.

तिला नाही मिळाला. मला मिळतोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घातला.

काय सांगू! कोट अंगावर चढला असं वाटलंच नाही, अंगच पुरं झालं असं वाटलं. पॅड लागलं नाही. मास्तर एक पाऊल मागे सरकले. मावशींनी तोंडावर हात ठेवला. बाई जवळ आल्या, माझी कॉलर सारखी केली, त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, धाकटे.

मी ओ दिली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन लोण्यासारखं चालतंय. सकाळपासून पाच बेत झाले. मुंडा काढताना हात थांबत नाही, डोळे मिटले तरी थांबत नाही. मास्तर उजेडात धरून बघतसुद्धा नाहीत, सरळ कात्री लावतात. चालेल म्हणत नाहीत आता.

मला आनंद व्हायला हवा. पण त्या रेघा मी काढत नाही. मी बघते. खुर्चीच्या मागे कुठेतरी उभी राहून बघते आणि जळते, अजूनही जळते, की हा हात माझा का नाही.

ही रोजनिशी उघडायला आज फार वेळ लागला. बटण दाबत होते. नुसतं लुकलुकत होतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल घरी कोट काढला. बटणं सुटायला वेळ लागला. आरशात बघितलं तर खांदे सारखे. डावा वर आलाय. हाताने दाबून पाहिला —

नवऱ्याने दार उघडलं तेव्हा क्षणभर वाटेतून बाजूला झाला नाही. मग म्हणाला, अगं तू होय. हसला, पण जेवताना सारखा बघत होता. आवाजाला काय झालं विचारलं. सर्दी, म्हटलं. झोपताना म्हणाला, उद्यापासून जाऊ नकोस. हात जोडतो.

आज सकाळी ठरवलं होतं, जायचं नाही. मग मनात आलं, मी गेले नाही तर त्या खुर्चीत कोण —

आले. कोट घालून आले. घालायचा नव्हता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी पाय दुसऱ्याच गल्लीत वळले. एका जिन्याखालच्या दारापाशी उभी राहिले, खिसे चाचपत राहिले. किल्ली नव्हती. दारावर धूळ. धाकटीची खोली असणार. शेजारच्या बाईने बघितलं आणि तिच्या हातातली बादली —

घर कुठे ते आठवेना. इथेच परत आले. बाई अजून हॉलमध्येच होत्या, त्यांनी दार उघडलं, काही विचारलं नाही. अंगावर पांघरूण घातलं. त्यांना माहीत आहे. मी हात धरून सांगितलं, बाई, मी ती नाही हो, मी नवी, डेपोवाल्याची बायको. त्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, तुझ्याशी पुन्हा भांडणार नाही मी. दुसरी कुणी ठेवणार नाही. टेबल तुझं एकटीचं.

तिला हेच तर

अक्षरं मध्येच जातात. विंडो मागे पडते, परत आणते —

कोटाची बटणं सुटत नाहीत. कात्री लावून बघितली. दुखलं. कापडाला लावली होती, मला

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिताना बोटं अजून माझी असतात. फक्त लिहिताना. बाकी सगळं ती.

नवरा आलाय. दारात. कामाचा शर्ट, दाढी वाढलेली. बाईंशी बोलतोय. बाई म्हणतात, त्या बाई दोन दिवस आल्या नाहीत, आम्हाला काही कल्पना नाही.

इकडे येतोय. माझ्याकडे. टेबलापाशी आला. मी बघते आहे त्याच्याकडे, तो बघतोय, सरळ तोंडाकडे बघतोय —

म्हणाला, ताई, माझी बायको इथेच बसायची ना?

ताई म्हणाला मला.

फोन नंबर लिहून ठेवलाय कागदावर. म्हणतो, आली तर सांगा, मी रागावलेलो नाही. नुसतं घरी ये म्हणावं. डोळे लाल आहेत त्याचे. मी सगळा जीव एकवटून त्याच्या नावाने हाक मारली आणि तोंडातून आलं ते — हो दादा, सांगते हं.

मान हलवून वळला. मास्तर त्याला वाट दाखवताहेत. खुर्चीतून उठायचंय, पाय

दारापर्यंत गेला. थांबलाय. मागे वळून बघतोय, कोटाकडे नाही, हातांकडे, माझ्या टाइप करण्याकडे बघतोय, त्याला माहीत आहे मी कशी दोन बोटांनी — अहो इकडे, इकडे बघा, मीच आहे, ही बोटं बघा, ती आता हात उचलते आहे माझा, माऊसकडे, विंडो बंद कर